एका ग्राफिक्स कार्डाची हकीकत

यंदाच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हां माझ्या मनांत प्रथम लोणारच्या सरोवराचा विषय आला. परंतु आमच्या जिल्ह्यांत लिहूं लागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें त्या सरोवराला एकदां तरी प्रदक्षिणा घातलेली असते. तेव्हां त्याला थोडी विश्रांति द्यावी हेंच बरें. नंतर सिंदखेडराजाचा विचार केला. पण थोरांच्या जन्मस्थानाविषयीं लिहावयास लेखणीही तशीच थोर लागते. शेवटीं असें ठरविलें कीं, जें आपल्या हातून घडलें व ज्याचे पैसे आपल्या खिशांतून गेले, तेवढ्यापुरतेंच लिहावें. म्हणून एका खरेदीची ही साधी हकीकत वाचकांस सादर करितों. ती वस्तु म्हणजे संगणकावर खेळ खेळण्याकरितां लागणारें एक मध्यम किंमतीचें ग्राफिक्स कार्ड होय.

खेळाचा विषय निघाला कीं वडील मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हें मी जाणून आहें. संगणकावरील खेळ चांगले कीं वाईट, हा वाद येथें उपस्थित करण्याचा माझा हेतु नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे. पैसे मोजके, माल नाना प्रकारचा, आणि विकणारा आपल्यापेक्षां अधिक माहितगार, अशा स्थितींत मनुष्यानें निवड कशी करावी? हा प्रश्न बियाणें घेणाऱ्या शेतकऱ्यासही पडतो आणि कापड घेणाऱ्या गृहिणीसही पडतो. मला तो या कार्डाच्या निमित्तानें प्रथम पडला.

आमचें घर चिखली तालुक्यांतील एका खेड्यांत, म्हणजे आमच्याकडील बोलींत ‘घाटावर’ आहे. शेत पांच एकर. खरिपांत मुख्यतः सोयाबीन. सन २०२४ च्या उन्हाळ्यांत मी बारावी होऊन शाळेंतून बाहेर पडलों व सुटींत चिखलीच्या एका संगणक केंद्रांत अर्ज भरण्याचें व टंकलेखनाचें काम केलें. तेथें अकरा हजार रुपये सांठले. पुण्याच्या काकांनीं आपला २०१८ सालीं जुळविलेला संगणक मला देऊन टाकला होता. परंतु त्यांत ग्राफिक्स कार्ड नव्हतें. दिवाळीच्या सुमारास बाबांनीं सोयाबीन विकलें आणि चौदा हजार रुपये माझ्या हातावर ठेविले.

त्या वर्षीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. बाजारांतील भाव मात्र त्याच्या पुष्कळ खालीं उतरला होता. आमच्या मालाला ४,१०० मिळाले. म्हणजे ते चौदा हजार रुपये जवळजवळ साडेतीन क्विंटल सोयाबीन होतें. बाबांनीं एकच प्रश्न विचारला: “हे कार्ड सारं मिळून किती क्विंटलचं?” मी मनांत भागाकार केला व म्हणालों, “सहा.” ते कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून प्रत्येक कार्डाची किंमत मी रुपयांत न मोजतां क्विंटलांत मोजूं लागलों. या हिशेबानें माझ्या हातून जितकें शहाणपण घडलें, तितकें कोणत्याही जाहिरातीनें घडलें नसतें.

ज्या वाचकांस या वस्तूचा परिचय नसेल, त्यांच्याकरितां चार शब्द सांगतों. संगणकाचा प्रोसेसर हा एखाद्या विद्वान मुख्याध्यापकासारखा असतो. कितीही अवघड गणित असो, तो तें बिनचूक सोडवितो, पण मोजकींच गणितें एका वेळीं हातीं घेतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे विद्यार्थ्यांनीं भरलेलें पटांगण. प्रत्येकाकडे एक लहानसें सोपें गणित, परंतु सर्वांनीं तें एकदमच करावयाचें. माझ्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके आहेत; गुणाकार केला तर २०,७३,६०० होतात. चित्र हलतें दिसावें म्हणून तें सेकंदांत साठ वेळां नवें काढावें लागतें. म्हणजे दर सेकंदास बारा कोटी चव्वेचाळीस लक्षांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे! हें काम एकट्या मुख्याध्यापकांच्या आवांक्यांतलें नव्हे.

आतां माझी पहिली चूक सांगतों. कोणतें कार्ड सर्वांत बलवान, हें मी आधीं पाहूं लागलों. मित्रमंडळींत मोठमोठ्या आंकड्यांचीं नांवें चालत. जितका आंकडा मोठा तितकें कार्ड थोर, असा आमचा समज. संगणक केंद्राचे चालक, ज्यांना आम्ही सर्वजण काका म्हणतों, त्यांनीं माझी यादी पाहिली व ती बाजूस सारून विचारलें, “पडदा कोणता? डबा उघडून पाहिलास कां? घरीं वीज कशी आहे?” तिन्ही प्रश्नांची उत्तरें माझ्याजवळ नव्हतीं. दुसऱ्या दिवशीं मी संगणक दुचाकीवर बांधून त्यांच्याकडे नेला.

काकांनीं झांकण काढलें आणि आंतील विजेच्या पेटीवरची, म्हणजे पॉवर सप्लायवरची चिठ्ठी मला वाचावयास लाविली. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असें छापलें होतें. मी खूष झालों. “खालचें बारीक वाच,” ते म्हणाले. तेथें बारा व्होल्टच्या तारेपुढें १६ अँपियर असें होतें. ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर हे दोघेही मुख्यतः त्याच तारेवर जगतात. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. माझ्या प्रोसेसरची नेमस्त गरज ६५ वॅट, आणि ज्या कार्डाकडे मी पाहत होतों त्याची १७०. बेरीज २३५. तें कार्ड मी तसेंच आणून बसविलें असतें, तर ऐन खेळांत संगणक बंद पडला असता, किंवा त्याहून वाईट कांहीं घडलें असतें. शाळेंत विजेचा धडा मी पाठ केला होता. पण व्होल्ट गुणिले अँपियर हें सूत्र आपल्या घरच्या डब्यांतही लागू असतें, हें मला त्या दिवशीं समजलें.

म्हणजे पंचवीस हजारांतून एका चांगल्या पॉवर सप्लायचे सुमारें चार हजार आधींच बाजूला काढावयाचे, व उरलेल्या एकवीस हजारांत कार्ड शोधावयाचें, असें ठरलें. निवडीचा प्रदेश लहान झाला आणि आश्चर्य असें कीं, मनाचा गोंधळही तेवढाच कमी झाला.

यानंतर स्मृतीचा, म्हणजे कार्डावरील मेमरीचा प्रश्न. ही गोष्ट काकांनीं खळ्याच्या दृष्टांतानें सांगितली. खळें पुरेसें मोठें असेल तर सारा माल एकाच ठिकाणीं पडतो व काम झरझर चालतें. लहान असेल तर निम्मा माल शेतांत ठेवून बैलगाडीनें खेपा घालाव्या लागतात. कार्डाचें खळें भरलें कीं त्याला संगणकाच्या मुख्य स्मृतींतून सामान आणावें लागतें आणि खेळ अडखळतो. चार गिगाबाइटांचें खळें नव्या खेळांना अपुरें पडतें. माझ्या पडद्याला आठ बहुतेक ठिकाणीं चालतें. बारा असतील तर उत्तमच. पडदा याहून मोठा, म्हणजे २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा असता, तर छत्तीस लक्षांहून अधिक ठिपके झाले असते व माझा सारा हिशेब बदलला असता.

आतां एकेक उमेदवार पारखूं लागलों. आर. एक्स. ६५०० एक्स. टी. हें कार्ड स्वस्त होतें. पण त्याचें खळें चारच गिगाबाइटांचें, व संगणकाशीं बोलण्याच्या वाटाही चारच. नव्या बोर्डावर त्या वाटा रुंद असतात. माझ्या २०१८ च्या बोर्डावर त्यांची रुंदी निम्मी. तें बाद. इंटेलचें आर्क ए ७५० हें किंमतीच्या मानानें चांगलें म्हणत. परंतु त्याला रीसायझेबल बार नांवाची सोय लागते, इंटेल त्याकरितां दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर सांगते, आणि माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा. शिवाय त्याची भूक २२५ वॅटांची. तेंही बाद. आर. टी. एक्स. ४०६० हें ११५ वॅटांत भागविणारें गुणी कार्ड. पण मला सांगितलेला भाव अठ्ठावीस हजारांच्या पुढचा होता. आर. टी. एक्स. ३०६० हें बारा गिगाबाइटांचें, भाव चोवीस हजारांच्या आसपास. पॉवर सप्लाय धरून माझ्या मर्यादेबाहेर. राहिलें आर. एक्स. ६६००: आठ गिगाबाइट, १३२ वॅट, भाव वीस-एकवीस हजार. कागदावर निर्णय झाला.

परंतु कागदावरचा निर्णय व मनाचा निर्णय यांत अंतर असतें. त्याच आठवड्यांत एका मित्रानें बातमी आणिली कीं, खानदेशांतील एका शहरीं बारा गिगाबाइटांचें ३०६० जुनें म्हणून चौदा हजारांत मिळत आहे. चौदा हजार म्हणजे साडेतीन क्विंटल. सरळ सरळ दीड क्विंटल वांचत होतें! मी रात्रभर झोंपलों नाहीं. सकाळीं बाबा म्हणाले, “मी येतो संगं.”

जुन्या कार्डांच्या या बाजाराचें कारण थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ईथेरियम नांवाचें एक संगणकी नाणें ग्राफिक्स कार्डांवर रात्रंदिवस गणितें करवून मिळवितां येत असे. त्यामुळें २०२१ सालीं नवीं कार्डें दुर्मिळ होऊन त्यांचे भाव भलतेच चढले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्या नाण्याची ती पद्धतच बंद झाली, आणि गणितें करून दमलेलीं असंख्य कार्डें बाजारांत आलीं. तीं सर्वच वाईट असतात असें नाहीं. परंतु कोणाचा पंखा झिजलेला असतो, कोणाचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला असतो, आणि वरून पाहणाऱ्यास तें दिसत नाहीं.

आम्ही तेथें पोहोंचलों. कार्ड पुसून लखलखीत करून ठेविलें होतें. पावती नव्हती. मी तें हातांत घेऊन भारावून गेलों होतों. बाबांनीं मात्र त्या वस्तूकडे पाहिलेंही नाहीं, त्यांनीं विकणाऱ्याकडे पाहिलें व शांतपणें म्हटलें, “अर्धा घंटा चालवून दाखवा.” तो म्हणाला, वेळ नाहीं, माल चांगला आहे, विश्वास ठेवा. बाबा उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “बैल घेतांना दात पाहतो, अन् चालवूनही पाहतो. जो चालवू देत नाही, त्याचा बैल घ्यायचा नसतो.” मला त्या वेळीं राग आला होता. तो मनुष्य लबाड होता असें मी आजही म्हणत नाहीं. कदाचित् त्याला खरोखरच वेळ नसेल. परंतु पारख करूं न देणारा सौदा सोडून देण्याची किंमत एका बसच्या तिकिटाएवढी असते, आणि न सोडण्याची किंमत साडेतीन क्विंटल असूं शकते. हें ज्यांना कार्डाचें नांवही उच्चारतां येत नव्हतें त्यांना कळत होतें, आणि ज्याला सर्व आंकडे पाठ होते त्या मला कळत नव्हतें.

शेवटीं नवीनच वस्तु, पावतीसह घ्यावयाची, असें ठरवून मी मुंबईस गेलों. जाण्यायेण्याचें भाडें आईनें आपल्या डब्यांतून दिलें. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूर गांठलें, रात्रीं विदर्भ एक्स्प्रेस धरली व सकाळीं दादरला उतरून ग्रँट रोडला गेलों. तेथील लॅमिंग्टन रोड, ज्याचें नांव डॉ. भडकमकर मार्ग असें आहे, हा संगणकाच्या सामानाचा जुना बाजार. दोन्ही बाजूंस दुकानें, पाट्यांवर पाट्या. आमच्या आठवडी बाजाराहून गर्दी अधिक, पण घासाघीस अगदीं तशीच.

एका दुकानांत मोठा मोह झाला. “३०६० घ्या, तुमच्याच पैशांत बसवितों,” असें दुकानदार म्हणाला. खोका उलटून पाहिला, तों आठ गिगाबाइट! नांव तेंच, पण २०२१ च्या मूळ कार्डाची स्मृति बारा गिगाबाइट व तिच्याकडे जाणारा रस्ता १९२ बिटांचा, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या या भावाची स्मृति आठ व रस्ता १२८ बिटांचा. “एकच आहे हो,” असें तो म्हणत होता. ही गोष्ट नवीही नाहीं. २०१६ सालच्या जी. टी. एक्स. १०६० चींही अशींच दोन रूपें होतीं: सहा गिगाबाइटांच्या कार्डांत गणितें करणारे १,२८० घटक, तर तीन गिगाबाइटांच्या कार्डांत १,१५२. नांव सारखें असलें म्हणजे वस्तु सारखी असतेच असें नाहीं. खोक्याच्या पुढच्या बाजूस चित्र असतें. सत्य मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असतें.

मी आर. एक्स. ६६०० हेंच घेतलें. वीस हजार आठशें रुपये; त्यांत अठरा टक्क्यांप्रमाणें जवळजवळ बत्तीसशें रुपये वस्तु व सेवा कराचे. पॉवर सप्लाय तीन हजार नऊशें. तीनशें रुपये उरले. पावती घडी करून शर्टाच्या आंतल्या खिशांत ठेविली आणि परतीच्या गाडींत खोका रात्रभर मांडीवर घेऊन बसलों.

काकांच्या देखत दोन्ही वस्तु बसविल्या. पहिले कांहीं दिवस मी पडद्यावर चित्रांपेक्षां आंकडेच अधिक पाहिले. नंतर ध्यानांत आलें कीं, माझा पडदा सेकंदांत साठच चित्रें दाखवितो. कार्डानें नव्वद काढलीं तरी तीस वायांच जातात. म्हणून साठांची मर्यादा घातली. पुढच्या मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालीं याचा फार उपयोग झाला. पंख्याचा आवाज उतरला व कार्डाची उष्णताही कमी झाली. कपाशीच्या दिवसांत तंतू व धूळ आंत शिरते, म्हणून महिन्यांतून एकदां झांकण उघडून सफाई करितों. वीज गेली तर लहानशा यू. पी. एस. वर खेळ जपून ठेवण्यापुरती पांच मिनिटें मिळतात. अधिक भुकेलें कार्ड असतें तर तीही मिळालीं नसतीं.

या कार्डांत उणीवा नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. प्रकाशकिरणांचा खरा मार्ग मोजून छाया-प्रतिबिंबें काढण्याची जी रे ट्रेसिंग नांवाची नवी रीत आहे, तिच्यांत हें दुबळें आहे. लहान चित्र काढून तें मोठें व रेखीव करण्याची डी. एल. एस. एस. ही युक्ति एनव्हिडियाच्या आर. टी. एक्स. कार्डांपुरतीच आहे, मला एफ. एस. आर. या दुसऱ्या युक्तीवर भागवावें लागतें व तिचें चित्र किंचित् पुसट वाटतें. माझा एक मित्र ब्लेंडरमध्यें चित्रें घडवितो. त्याला मीच ३०६० घेण्याचा सल्ला दिला, आणि त्याच्याकरितां तोच योग्य होता. सारांश, उत्तम कार्ड असें कांहीं नसतें. अमक्या पडद्याला, अमक्या डब्याला, अमक्या खिशाला व अमक्या कामाला योग्य असें कार्ड असतें. २०२५ सालीं आर. टी. एक्स. ५०६० व आर. एक्स. ९०६० एक्स. टी. हीं नवीं कार्डें आलीं, आणि त्यांतलें दुसरें पुन्हां एकाच नांवानें आठ व सोळा गिगाबाइट अशा दोन रूपांत आलें! पुढेंही येत राहतील. तीं घेणाऱ्यास माझे आंकडे उपयोगी पडणार नाहींत. पण प्रश्न तेच राहतील.

एक प्रसंग सांगून हा लेख संपवितों. बाबांनीं कार्ड घेतल्यावर कित्येक दिवस त्या खोलींत पाऊल टाकलें नव्हतें. एका संध्याकाळीं मी फार्मिंग सिम्युलेटर हा शेतीचा खेळ लावून बसलों होतों. ते पाण्याचा तांब्या घेऊन आंत आले व उभ्याउभ्या पाहूं लागले. पडद्यावर मोठें यंत्र शेंगा भरलेल्या शेतांतून चाललें होतें. एकेक ओळ, एकेक पान निराळें दिसत होतें.

“सोयाबीन आहे का ते?” त्यांनीं विचारलें.

“हो, बाबा.”

ते शेजारीं बसले. “तिथं भाव काय मिळतो?”

मी त्यांना भावांचा तक्ता दाखविला. कोणत्या ठिकाणीं कमी, कोणत्या ठिकाणीं अधिक, आणि भाव पडलेला असेल तर माल कोठारांत ठेवून चढेपर्यंत थांबतां येतें, हेंही सांगितलें. बाबा बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “थांबता येते, हे लय चांगलं आहे.”

मी कांहींच उत्तर दिलें नाहीं. ज्या मालाला आम्हांला थांबतां आलें नव्हतें, त्याच्याच पैशांनीं तें शेत पडद्यावर डुलत होतें. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, “हे यंत्र वळवायचं कसं?” मी उठून त्यांना खुर्ची दिली.